पाचवी वही

"थांबा, थांबा! दौलत, अरे तू कंट्रोलर आहेस, ड्रायव्हर नाहीस. गाडी सोडायची घाई तुला कशाला?"

त्रिभुवन मास्तरांनी पट्टी टेबलावर आपटली आणि आम्ही आठही जण गप्प झालो. दौलत पगारे आमच्या गावच्या एसटी स्टँडवर गाड्यांची नावं पुकारायचा आणि चर्चच्या गायनमंडळात खालचा आवाज गायचा. दोन्हीकडे गळा एकच. तो गायला लागला की बाहेरच्या कडुलिंबावरचे कावळे उडायचे.

"मास्तर, पन हितं समदेच गप हायेत की," दौलत म्हणाला. "लोकांना वाटंल, इसरले."

"वाटू दे. सहा मात्रा थांबायचं. बोटावर मोजायच्या, तोंडानं नाही. पुन्हा, 'हाक मारली' पासून."

आम्ही पुन्हा गायलो. 'तुला मी हाक मारली' असे शब्द होते. मूळ गाणं लॅटिन, मराठी शब्द मास्तरांनी बसवलेले. 'मारली' वर चारही आवाज एकत्र यायचे आणि एकदम थांबायचे. मास्तर एक-एक बोट मिटत सहापर्यंत जायचे आणि मान हलवायचे, की आम्ही पुढे निघायचो. वरच्या आवाजातल्या मार्था आणि मंजुळा या बहिणींना त्या सहा मात्रांत नेमकं हसू फुटायचं. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहायची. मी मधला आवाज गायची आणि मंडळाची चिटणीसही होते, त्यामुळे डोळे वटारायचा हक्क आपलाच आहे असं मला वाटे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, मिशनच्या शाळेत शिकवत होते आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. माझं अक्षर तालुक्यात पहिलं आलेलं होतं. हे मी आज सांगते तेव्हा मला लाज वाटते, पण तेव्हा मी ते कुणालाही, न विचारता, सांगायची.

गाणं होतं रॉबर्ट ॲशकम नावाच्या एका इंग्रज माणसाचं. चारशे वर्षांपूर्वी मेलेला. नगरपासून दीड तासावरच्या आमच्या गावात त्याला आम्ही 'आपला ॲशकम' म्हणायचो, कारण मास्तर त्याच्याबद्दल असं बोलायचे की जणू तो मागच्या आळीत राहतो. भटारखान्यातल्या माणसाचा पोरगा, गळा चांगला म्हणून मठात गायला घेतला. मोठा झाला, गाणी रचू लागला. मग राजाचं डोकं फिरलं आणि त्यानं मठच बंद केले. छपरावरचं शिसंसुद्धा काढून नेलं. ॲशकम आपली वळकटी घेऊन चालत दुसऱ्या गावच्या मोठ्या चर्चमध्ये गेला. तिथं नवा राजा आला, तो म्हणाला लॅटिन बंद. मग राणी आली, ती म्हणाली लॅटिनच. ती मेली, दुसरी राणी म्हणाली इंग्रजी.

"चार राजवटी, तीन वेळा धर्म बदलला, गळा मात्र एकच," मास्तर म्हणायचे. "धर्म बदललेल्या आपल्या आज्यांना विचारा, त्यांना कळेल."

आणि एवढ्या माणसाच्या आयुष्यातलं कागदावर उरलं काय, तर तो एकदा प्रार्थनेला उशिरा आला म्हणून त्याला दिलेली समज. मास्तर हे नेहमी दौलतकडे बघून सांगायचे.

त्या काळी इंग्लंडात सगळे आवाज एका कागदावर लिहीत नसत. प्रत्येक आवाजाची वही वेगळी. वरच्याच्या वहीत फक्त वरचा, खालच्याच्या वहीत फक्त खालचा. दुसरा काय गातोय हे पाहायचं नाही, ऐकायचं. ॲशकमच्या या गाण्याच्या पाच वह्या होत्या. त्यातल्या चार तिकडच्या एका ग्रंथालयात राहिल्या आणि टेनरची, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजाची, पाचवी हरवली. मिशनमध्ये पूर्वी शिकवणाऱ्या हार्वुडबाई निवृत्त होऊन मायदेशी गेल्या होत्या. त्यांनी त्या चार वह्यांचे फोटो काढून मास्तरांना पाठवले होते, त्याला त्या वर्षी अकरा वर्षं झाली होती.

अकरा वर्षं मास्तर पाचवा आवाज शोधत होते. 'शोधत' हा त्यांचाच शब्द. बाकीचे चार आवाज काय करतात हे पाहून मधला पाचवा कुठून जात असेल ते ताडायचं. ते गणिताचे शिक्षक होते, निवृत्त झालेले. ते म्हणायचे, चार बाजू दिल्या आहेत, पाचवी काढा. चार वह्या त्यांनी मला उतरवायला दिल्या होत्या. मिशनच्या शाळेत शिकवतात तशा डो-रे-मीच्या अक्षरांत मी त्या शाईनं लिहिल्या. सगळ्यांना खाकी कापडाचं एकसारखं पुठ्ठं. पाचवी वही मात्र त्यांनी कुणाच्या हाती दिली नाही. ती पेन्सिलनं लिहिलेली, त्यांच्या घरच्या ट्रंकेत. त्यातला आवाज आमच्यापैकी कुणी कधी ऐकलेला नव्हता. तालमीत आम्ही चारच आवाज गायचो आणि पाचव्याच्या जागी मास्तरांची मिटलेली बोटं.

"उत्तम शुक्रवारी मी स्वतः गाणार आहे," ते गुड फ्रायडेच्या उपासनेबद्दल म्हणाले होते. "तोवर त्याला तुमच्या कानापासून लांब ठेवतो."

"आन त्या सहा मात्रांत पाचवा काय करतो?" दौलतनं विचारलं.

"मला सांग, स्टँडवर चार माणसं बोलता-बोलता एकदम गप्प का बसतात?"

"पाचवा काय बोलतो ते ऐकायला."

"बघ. तुला कळलं."

मास्तरांची छाती त्या हिवाळ्यापासून दुखत होती. डॉक्टरांनी गायला बंदी केली होती आणि मास्तरांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, एकदा गातो आणि मग बंद. एकदा ते गाणं पाचही आवाजांत पुरं झालेलं ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. उत्तम शुक्रवारला अठरा दिवस असताना ते बाजारात कोसळले. त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी हार्वुडबाईंचं जाड पाकीट आलं. चर्चच्या पत्त्यावर आलेली पत्रं उघडायचं काम माझंच होतं. मी ते पाळकांच्या ओसरीवर उभ्या-उभ्या वाचलं आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिकडे कुठल्याशा जुन्या घरात एका जाडजूड पुस्तकाचं पुठ्ठं सुटलं होतं. जाडी यावी म्हणून बांधणाऱ्यानं आत जुनी पानं चिकटवली होती, आणि ती ॲशकमच्या टेनरची निघाली. बाईंनी फोटो जोडले होते. शेवटी लिहिलं होतं की त्रिभुवनांना सांग, त्यांचा शोध संपला.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. जणू काही ती पानं मीच शोधली होती. नगरला जाऊन मास्तरांना सांगावं, हा पहिला विचार. दुसरा विचार आला आणि तो मला जास्त आवडला. ते परत येतील तेव्हा पाचवी वही तयार असेल. खरी, पूर्ण, माझ्या अक्षरात. ते उघडतील आणि बघत राहतील. दवाखान्यातल्या माणसाला धक्का नको, हेही कारण मी स्वतःला दिलं. कारणं काय, लागतील तितकी मिळतात.

मी संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेले. सगुणाकाकू, मास्तरांची बायको, नगरहून नुकत्याच परतल्या होत्या, सकाळी पुन्हा डबा घेऊन जायचं होतं. भिंतीवर त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, जयवंताचा, फोटो होता. चौदा वर्षांचा असताना तो पाटात बुडाला होता. मी तेव्हा नगरला शिकायला होते.

"काकू, मला ट्रंकेतली पाचवी वही हवी आहे."

काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "ती त्ये कुनाला देत न्हाईत."

"माहीत आहे. पण एक फार चांगली गोष्ट झाली आहे. आत्ता सांगत नाही. मास्तर खूश होतील, बघा तुम्ही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेतली बाई, चर्चची चिटणीस, मास्तरांची लाडकी. त्यांनी हात धुतले, ट्रंक उघडली आणि वही पदरानं पुसून माझ्या हातात दिली.

"जपून आन," म्हणाल्या.

जुनी इंग्रजी स्वरलिपी वाचायला मला मास्तरांनीच शिकवलं होतं. दोन दिवस शाळा सुटल्यावर बसून मी फोटोवरून सगळा आवाज कच्च्या कागदावर उतरवला. 'हाक मारली' पाशी आले आणि अडले. तिथं स्वर नव्हते. थांबण्याच्या खुणा होत्या. मी भिंग आणून पाहिलं, तीन वेळा मोजलं. सहा मात्रा. पाचवाही गप्प. पाचही आवाज हाक मारतात आणि पाचही थांबतात.

मग मी मास्तरांची वही उघडून ताडून पाहिली. त्यांचं जवळजवळ सगळं वेगळं होतं. चारशे वर्षांपूर्वीचा टेनर एकीकडे गेलेला आणि आमचे मास्तर भलतीकडे. पानं पुसून-पुसून खरखरीत झाली होती. आणि त्या सहा मात्रांत, जिथं खरं तर काहीच नव्हतं, तिथं त्यांनी लिहिलं होतं. तेवढी एकच ओळ स्वच्छ होती, एकदाही न पुसलेली.

मला त्यांची कीव आली. खरं सांगते, कीव आली. अकरा वर्षं हा हुशार माणूस एका रिकाम्या जागेत काहीतरी शोधत बसला, आणि आता आठ माणसं, पाळक, हार्वुडबाई, सगळ्यांना कळणार की गणित साफ चुकलं. दौलत तर स्टँडवर पुकारेल. मास्तरांची शोभा होऊ नये, असं मला मनापासून वाटलं.

मी नवी वही करू शकले असते. पण खाकी पुठ्ठ्याच्या पाचच वह्या, एका वहीत एकच आवाज, आणि पाचवी ती पाचवी. शिवाय मास्तरांचा स्वतःचा नियम होता, मला पहिली वही दिली तेव्हाच त्यांनी शिकवला होता. चुकलं तर खोडायचं नाही, पुसायचं. खोडलेलं गाणाऱ्याच्या डोळ्यात जातं आणि ऐनवेळी तो तेच गातो. दोन वाटा दिसता कामा नयेत.

मी नवं रबर आणलं होतं. पहिल्या पानापासून सुरुवात केली. पेन्सिल जुनी, काही ठिकाणी दाबून लिहिलेली, दोन-तीनदा घासावं लागलं. त्या स्वच्छ ओळीपाशी आले तेव्हा मी ती मनातसुद्धा म्हणून पाहिली नाही. माझं लक्ष कागद फाटू नये इकडे. तिच्यात एक 'म' होता एवढं मला आठवतं. ओळ 'म' वरून सुरू होत होती की 'म' वर संपत होती, हे आज कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली तरी सांगता येणार नाही. फुंकर मारून मी रबराची भुकटी उडवली आणि टाक शाईत बुडवला. इतकं सुंदर अक्षर मी त्याआधी काढलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मास्तर उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी घरी आले आणि दुपारी काठी टेकत तालमीला हजर झाले. अर्धे झाले होते, सदरा खांद्यावरून ओघळत होता. सगळ्यांनी "सलाम, सलाम" करत गराडा घातला. बातमी मी दौलतला सांगितली होती, म्हणजे ती गावाला सांगितली होती.

"मास्तर, घावला की तुमचा टेनर!" दौलत ओरडला. "विलायतेहून आला! प्रेमाबाईंनी समदा उतरवून ठिवलाय!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं, मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. बोटानं कागद चाचपला. मग ते सरळ त्या पानावर गेले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, शाबासकी कधी येते म्हणून.

"थांबा लिहिलंय," ते म्हणाले.

"हो मास्तर. तीन वेळा मोजलं मी. तिथं तोही गप्प आहे. फोटो आहेत, दाखवू?"

"नको. तू मोजलंस ना." त्यांनी वही मिटली. "अक्षर सुरेख आलंय प्रेमा."

मी फुलून गेले. दौलतनं टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या. मास्तरांनी पट्टी उचलली, नेहमीसारखी चारच आवाजांची तालीम घेतली आणि पाचवी वही पाठ करायला घरी नेली.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. बारा ते तीनची उपासना, बाहेर ऊन रणरणत होतं, बायकांनी पंखे म्हणून प्रार्थनेचे कागद हलवायला घेतलेले. सगुणाकाकू नेहमी मागे दाराशी बसत, गुडघे दुखतात म्हणून. त्या दिवशी पहिल्या बाकावर होत्या, पांढऱ्या स्वच्छ लुगड्यात, हात मांडीवर जोडून.

मास्तर आमच्या मध्ये उभे राहिले, हातात पाचवी वही. पाच आवाज पहिल्यांदा एकत्र निघाले. मी काय सांगू, आम्ही इतके दिवस जे गात होतो ते कसं पोकळ होतं ते तेव्हा कळलं. टेनर मधून आला आणि सगळ्यांना धरून राहिला. आजारी माणसाचा आवाज, पण सूर कुठेही हलला नाही. ते एकेक अक्षर मी लिहिलेलंच गात होते.

'तुला मी हाक मारली.'

थांबलो. मास्तरांचं पहिलं बोट मिटलं. मी समोर पाहिलं, तर सगुणाकाकूंनी मान वर केली होती. कान देऊन, तोंड थोडं उघडं ठेवून त्या मास्तरांकडे बघत होत्या. दुसरं बोट, तिसरं. अख्खं चर्च चिडीचूप. पंखे थांबलेले. पाचवं, सहावं. मास्तरांनी मान हलवली, आम्ही पुढे निघालो, आणि काकूंची मान हळूहळू खाली गेली. मला वाटलं, गाण्यानं भारावल्या.

ते गाणं आमच्या चर्चमध्ये अजून गायलं जातं. मास्तर त्याच वर्षी पावसाळा संपता-संपता गेले. आता दुसरीच मंडळी गातात, मी मागे बसून ऐकते. गेल्या वर्षी नवे पाळक म्हणाले, त्या मधल्या शांततेला तोड नाही. मी मान हलवली आणि घरी आले. मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या ईस्टरनंतरच्या सोमवारचं.

फोटो आणि पत्र मास्तरांना द्यायचं राहिलं होतं. मी थोडे रव्याचे लाडू केले आणि चारच्या सुमारास त्यांच्याकडे गेले. काकू ओट्यावर सूप घेऊन गहू निवडत होत्या. मास्तर आत झोपले होते.

"बस," काकू म्हणाल्या. मग गव्हातली नजर न काढता, "प्रेमा, तुला येक इचारू? शुक्रवारी मधी समदे थांबले. तितं त्ये गायला इसरले का?"

"छे हो काकू! विसरले कुठले? तिथं तसंच आहे. खऱ्या वहीत तिथं काही नाहीच. सगळेच थांबतात."

"मंग त्यांनी ल्हेलेलं?"

"ते..." मला उगीचच अडखळायला झालं. "ते चुकलेलं होतं. ते पुसून मी बरोबरचं लिहिलं."

काकूंचा हात सुपात थांबला.

"पुसलंस."

"हो. का?"

त्यांनी सुपातला हात काढून घेतला. मग सूप बाजूला ठेवलं. "ती जयवंताची ओ व्हती," म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"ह्ये शाळंतनं आले का अंगनातनं हाक मारायचे. पोरगं पाटाकडं खेळत असायचं. तितनं ओ द्यायचं. नुसतं 'ओ' न्हाई, लांबच लांब, सूर धरून, वर न्यायचं न् खाली आनायचं. ह्यांनीच शिकिवलेलं. निम्मा गाव हसायचा. त्या दिशी पाटाला पानी सुटलेलं. ह्यांनी हाक मारली, ओ आली न्हाई. पुन्यांदा मारली. मंग पाटाच्या कडंकडंनं ह्या पुलापासनं त्या पुलापर्यंत हाका मारत गेले. दुसऱ्या दिशी पाटाच्या पुढच्या दाराला, पानी अडवत्यात तितं, पोरगं घावलं."

आतून मास्तरांच्या खोकल्याचा आवाज आला. काकूंनी आवाज खाली आणला.

"बाईनं त्ये कागद धाडले तवा मन रमावं म्हून धाडले. ह्यांनी त्यात हाक बघितली न् मोकळी जागा बघितली. बाकीचं समदं धा वेळा ल्हेलं न् पुसलं. त्यो तुकडा पयल्याच दिशी ल्हेला, त्याला कदी हात लावला न्हाई. म्या म्हनलं मला ऐकिवा, तर म्हनले, आसं न्हाई, समदे हाक मारत्याल तवाच. सगुणा, शुक्रवारी पुढं बस, म्हनले. तुला जयवंताची ओ ऐकिवतो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्या बसले व्हते," म्हणाल्या.

"कोण, प्रेमा का?" आतून मास्तरांनी विचारलं. "ये ना आत."

मी आत गेले आणि त्यांच्या खाटेशी जमिनीवर बसून ढसाढसा रडले. मी कधी कुणासमोर रडले नव्हते. मास्तरांनी आधी काय झालं विचारलं, मग बाहेर काकूंकडे पाहिलं आणि त्यांना समजलं.

"अगं, वेडे. पुसायचा नियम माझाच," ते म्हणाले. "तू बरोबर केलंस. दोन वाटा ठेवल्या नाहीस."

"तुम्ही का नाही गायलात मास्तर? वहीत नव्हतं तरी तुम्हाला पाठ होतं. तुम्ही गायला हवं होतंत! मला शिव्या द्यायला हव्या होत्यात!"

"गाणार होतो. तिसरं बोट मिटेपर्यंत गाणार होतो." ते छताकडे बघत होते. "पण तुम्हाला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. हार्वुडबाईंनी पूर्वीच कळवली होती. ॲशकमची तीन मुलं एका पंधरवड्यात साथीत गेली. चर्चच्या दफनाच्या नोंदीत एकाखाली एक आहेत. त्यानंतर हे गाणं रचलं त्यानं. मला वाटत होतं, अशा माणसानं तिथं ओ लिहिलीच असणार. म्हणून तर शोधत होतो. आणि त्यानं लिहिलं नव्हतं. थांबा, एवढंच लिहिलं होतं. तीन पोरांच्या बापानं. मग मी कोण तिथं काही घालणारा?"

"काकूंसाठी," मी म्हणाले. "मास्तर, गाण्यात नको. इथं, घरात, काकूंसाठी गा. मी लगेच लिहून घेते. पुन्हा कुणाला पुसू देणार नाही."

मास्तर कोपरावर टेकून उठून बसले. मी पाठीशी उशी दिली.

"एकदम तेवढं आठवायचं नाही. चालीत शिरावं लागेल," ते म्हणाले आणि हलक्या आवाजात सुरुवातीपासून गाऊ लागले.

पहिल्या दोन ओळींतच मला कळलं. ते माझ्या वहीतलं गात होते. त्यांनाही कळलं. ते थांबले, डोळे मिटले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच, शाईचं, स्वच्छ, एकही चूक नसलेलं. 'तुला मी हाक मारली' पर्यंत आले आणि तिथं त्यांचं तोंड उघडं राहिलं. आतून काही येईना. त्यांची बोटं आपोआप मिटायला लागली होती, ती त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवली.

"अकरा वर्षं कानात होती," ते म्हणाले. "पाटाच्या बाजूनं यायची. आता तिथं तूच लिहिलेलं ऐकू येतं प्रेमा."

तिसऱ्यांदा त्यांनी आवाज थोडा वाढवला, डॉक्टरांनी बजावलं होतं तरी. तिसऱ्यांदाही हाकेपाशी येऊन थांबले. छाती वर-खाली होत होती. मी पेन्सिल हातात धरून बसले होते. समोरचा कागद कोरा होता.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, कधी ते कळलं नाही. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सगुणा, नाही गं येत," ते म्हणाले.

काकू आत आल्या. खाटेवर त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"मंग पुन्यांदा हाक मारा," त्या म्हणाल्या. "म्या हाये हितं."

मास्तरांनी श्वास घेतला आणि चौथ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली.